ब्रेक दाबताच मागे ‘थांबा’ : कल्पना एका सिनेतारकेची

नवेगाव बांधच्या जंगलरस्त्यावर रात्री पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट बंद असला, तर मागच्याला ती थांबल्याचे कळत नाही. ही अडचण ओळखणाऱ्या पहिल्या काहींत मूकपटांची तारका फ्लॉरेन्स लॉरेन्स होती. सुरुवातीला स्टुडिओ तिचे नावही जाहीर करत नसे. ते झाले १९१० मध्ये. मोटारीचे तिला भारी वेड. १९१४ च्या सुमारास तिने ब्रेक दाबताच मागे ‘थांबा’ची पाटी वर येईल अशी सोय केली. पेटंट मात्र घेतले नाही, त्यामुळे पैसा नाही की श्रेय नाही. (तिच्या आईने १९१७ मध्ये विजेच्या वायपरचे पेटंट घेतले, पण कमाई तिलाही झाली नाही!) पुढे कामे आटली. १९३८ मध्ये तिने आयुष्य संपवले. १९९१ पर्यंत तिच्या कबरीवर नावाची पाटीही नव्हती.