मुंबईच्या गोदीतले अर्देशीर

समितीचा निरोप आला की शाळेच्या आठवणी लिहा. त्या इतर मित्र माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मॅट्रिकनंतर मी टर्नरचं काम शिकलो आणि पुढची तीस वर्षं मुंबईत जहाजदुरुस्तीत काढली. तिथे बंदराचे जुने फोटो पाहायचा नाद लागला. त्या नादातून भेटलेल्या एका माणसाबद्दल लिहितो.

मुंबई बंदराचे ते फोटो तुम्हीही मोबाइलवर पाहिले असतील. डोलकाठ्यांची दाटी, गोदीची भिंत, किनाऱ्यावरचे तोफांचे मोर्चे. काहींत ॲबिसिनिया आणि मॅग्डाला ही बंदराच्या रक्षणासाठी ठेवलेली बुटकी लोखंडी जहाजं दिसतात, प्रत्येकावर दोन फिरते बुरूज आणि चार तोफा. ती इंग्लंडात पाण्यात उतरली १८७० मध्ये. त्याच वर्षी जलंबहून खामगावला रेल्वे आली आणि आपल्या भागातला कापूस थेट मुंबईकडे जाऊ लागला. तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तोफ हलत नाही, ती स्वच्छ येते. हमाल, सुतार, लोहार मात्र पुसट सावल्या होतात, नाहीतर दिसतच नाहीत.

अर्देशीर करसेटजी वाडिया अशा न दिसणाऱ्यांपैकी. जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा, मुंबईतला. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३५ च्या सुमारास सुरतेहून आले आणि गोदी उभी राहिली. त्या घराण्याने सागवानी जहाजं बांधली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. पण अर्देशीरांचं मन सागवानात रमलं नाही. त्यांना वाफेच्या यंत्राचं वेड. घरच्या धंद्यात मुरलेल्या वडीलधाऱ्यांना ते कसं वाटलं असेल, याचा अंदाज कारागिराच्या घरात वाढलेल्यांना येईल. १८३३ मध्ये, पंचविशीही पुरी व्हायच्या आत, त्यांनी इंडस नावाचं छोटं जहाज पाण्यात उतरवलं. पुढच्या वर्षी माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले, ते पाहायला खुद्द गव्हर्नर आले.

१८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. त्यांच्या नात्यातली दोन पोरं तेव्हा चॅटहॅमच्या सरकारी गोदीत जहाजबांधणी शिकत होती. त्याच साली पॅरिसात दागेरने फोटो काढण्याची रीत जगापुढे मांडली. मुंबईत शिवणयंत्र, विजेने मुलामा चढवण्याची कला आणि फोटोग्राफी आणण्याचं श्रेय अर्देशीरांना दिलं जातं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. बंदराचे नावाजलेले फोटो पुढे गोऱ्या छायाचित्रकारांच्या नावे अल्बमात गेले. कॅमेऱ्याची ओळख करून देणारा मात्र त्याच गोदीत हात काळे करणारा आपल्यातला माणूस होता.

मे १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय. त्यांच्यानंतरचे भारतीय फेलो म्हणजे १९१८ मधले रामानुजन, यावरून काय ते समजा. मुंबईत त्यांना गोदीच्या वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता नेमलं. हाताखाली गोरे कारागीरही होते. देशी माणसाने गोऱ्यांवर हुकूम करायचा, हे तिथल्या इंग्रजी वर्तमानपत्राला सहन झालं नाही. अर्देशीरांनी उत्तर दिलं ते कामाने. सोळा वर्षं तो कारखाना सांभाळला. मधे १८४९ मध्ये अमेरिकेलाही जाऊन आले. १८५१ मध्ये लवजी फॅमिली हे आगबोटीचं जहाज पाण्यात सोडलं, त्याचे भाग घरच्याच फौंड्रीत घडवलेले. ज्याने लेथवर एखादा शाफ्ट नीट उतरवला आहे, त्याला याचा अर्थ कळेल.

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले. मग काही काळ सिंधमध्ये कोटरीला सिंधू नदीवरच्या आगबोटींच्या कंपनीचं काम पाहिलं. शेवटची वर्षं इंग्लंडात, लंडनजवळ रिचमंडला, मारियन बार्बर या इंग्रज जोडीदारणीसोबत गेली. बायको आणि पहिला संसार मुंबईत राहिला. ही बाजू मला खटकते, पण ती झाकून त्यांचं आयुष्य सांगता येत नाही. १६ नोव्हेंबर १८७७ ला ते तिथेच वारले. तोवर मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून बारा-पंधरा वर्षं होऊन गेली होती. तो तट आता जुन्या फोटोंतच पाहायचा.

१९६९ मध्ये टपाल खात्याने अर्देशीरांचं तिकीट काढलं. आपल्या वेळच्या तिकिटांच्या वह्या कोणी जपल्या असतील, तर त्या चाळून बघा. मेळाव्याच्या दिवशी मी बंदराच्या काही फोटोंच्या प्रिंटा वाचनालयाच्या टेबलावर ठेवणार आहे. भिंग माझ्याकडे आहे. पुसट सावल्या कुठे आहेत, ते दाखवीन.