कालवासारखं घट्ट, मनगटाएवढं लहान

मनगट बारीक, बजेट त्याहून बारीक आणि सुट्टीत तारकर्लीला स्कूबाचा कोर्स करायचाय. तुमचं असं काही ठरत असेल तर घड्याळाच्या दुकानात काय होतं ते आधीच सांगून ठेवते. पाण्याखाली चालणारं घड्याळ मागितलं की समोर येतं ते चव्वेचाळीस मिलिमीटरचं धूड. हातावर पोळपाट ठेवल्यासारखं दिसतं. लहान दाखवा म्हटलं की काउंटरच्या दुसऱ्या टोकाला, लेडीज विभागात पाठवतात. तिथे खडे भरपूर असतात, पण पाण्याचं नाव काढायचं नाही. रत्नागिरीत माझं असं दोनदा झालं. दुकानांची नावं विचारू नका.

घरी येऊन मी चिडून शोधायला बसले, की पाण्यातलं घड्याळ एवढं मोठंच असावं हा नियम केला कुणी? शोधता शोधता सापडला एक पोरका जर्मन मुलगा, ज्याचं निम्मं आयुष्य याच्या बरोब्बर उलटं सिद्ध करण्यात गेलं. हान्स विल्सडॉर्फ. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याने काढलेल्या कंपनीचं नक्की ऐकलंय. रोलेक्स. थांबा, पान उलटू नका! रोलेक्स घ्यायला सांगत नाहीये. तेवढे पैसे माझ्याकडे असते तर मी इंटर्नशिप करत बसले नसते. पण त्या माणसाची गोष्ट वाचा, कारण तुमच्या स्वस्तातल्या घड्याळात काय बघायचं ते सगळं तिच्यात आहे.

हान्सचा जन्म २२ मार्च १८८१चा, बव्हेरियातल्या कुल्मबाख गावचा. घरचा लोखंडी सामानाचा धंदा होता. तो बारा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघंही गेले. मामा-काकांनी धंदा विकून टाकला आणि पोरांना शिक्षणासाठी बोर्डिंगच्या शाळेत घातलं. तिथे त्याला गणित आणि भाषा या दोन गोष्टी छान जमल्या. पुढे इंग्रजीनेच त्याला पोसलं. आधी जिनिव्हात एका मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली (मोती! हे लक्षात ठेवा, पुढे गंमत आहे), मग १९००च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात एका निर्यातदाराकडे नोकरी धरली. काम काय, तर इंग्रजी पत्रव्यवहार करायचा आणि रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी देऊन ती बरोबर चालतात का ते बघायचं. लक्षात घ्या, हा माणूस घड्याळजी नव्हता. पण रोज एवढी घड्याळं कानाशी धरली की कुठलं खोटं बोलतंय ते कळायला लागत असावं.

१९०३ मध्ये तो लंडनला गेला आणि १९०५ मध्ये आल्फ्रेड डेव्हिस याच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली. वय वर्षं चोवीस. आपल्यातले बरेच जण त्या वयात अजून पुण्याला जायचं की मुंबईला, यावरच घरी भांडत असतात.

आता त्या काळातली घड्याळं डोळ्यांसमोर आणा. पुरुषाचं घड्याळ म्हणजे कोटाच्या खिशात, साखळीला. मनगटावर घड्याळ बांधायच्या त्या बायका, आणि तेही दागिना म्हणून. मनगटावर मावेल एवढं लहान यंत्र अचूक चालणारच नाही, अशी घड्याळवाल्यांची ठाम समजूत होती. शिवाय हाताला धक्के बसतात, धूळ जाते, घाम जातो. म्हणजे बघा, आज मला काउंटरच्या दुसऱ्या टोकाला पाठवणारा विचार तेव्हाही होताच. लहान म्हणजे नाजूक, नाजूक म्हणजे बायकांचं, बायकांचं म्हणजे कामाचं नाही.

हान्सने सगळे पैसे नेमके याच लहान यंत्रांवर लावले. स्वित्झर्लंडमधल्या बिएन गावी एग्लर नावाचे कारखानदार छोटी, चांगली यंत्रं बनवत. त्यांना त्याने मोठी ऑर्डर दिली आणि मनगटी घड्याळं विकायला लागला. १९०८ मध्ये रोलेक्स हे नाव नोंदवलं. कुठल्याही भाषेत सहज उच्चारता यावं आणि छोट्या डायलवर मावावं म्हणून इतकं आखूड. पण नावाने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून त्याने ही घड्याळं परीक्षेला बसवली. १९१० मध्ये बिएनच्या केंद्राने त्याच्या मनगटी घड्याळाला अचूकतेचं प्रमाणपत्र दिलं. १९१४ मध्ये त्याने इंग्लंडच्या क्यू वेधशाळेत एक छोटंसं मनगटी घड्याळ पाठवलं. तिथे तोवर जहाजांवरची मोठाली घड्याळं तपासली जात. पंचेचाळीस दिवस ते उलटंसुलटं, थंडीत, उबेत ठेवून तपासलं आणि पहिल्या दर्जाचं म्हणजे अ वर्गाचं प्रमाणपत्र दिलं. लहान यंत्र चालत नाही, हा वाद खरं तर तिथेच मिटायला हवा होता.

आता आपल्या मनगटाकडे या. दुकानदार तुम्हाला केसचा व्यास सांगतो, चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. तो आकडा अर्धाच खरा. पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर मोजा. मग स्वतःच्या मनगटाच्या वरचा सपाट भाग पट्टीने मोजा, गोल घेर नव्हे. घड्याळाची टोकं त्या सपाट भागाच्या बाहेर लोंबकळत असतील तर ते तुमचं नाही. माझ्या मनगटाचा घेर साडेचौदा सेंटिमीटर आहे आणि सपाट भाग सेहेचाळीस मिलिमीटर. म्हणजे अडतीसच्या आसपासची केस मला व्यवस्थित बसते, चव्वेचाळीसची नाही. तेवढं मोठं घड्याळ पाण्यात सारखं फिरतं आणि चावी हाताच्या मागच्या बाजूला रुतते, ते वेगळंच.

पुन्हा हान्सकडे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढायला फुरसत नव्हती, त्यामुळे मनगटी घड्याळाला बायकी म्हणणं आपोआप बंद पडलं. पण इंग्लंडमध्ये परदेशी घड्याळांवर जबर आयात कर बसला आणि हान्सने युद्धानंतर बस्तान जिनिव्हाला हलवलं.

उरलं होतं पाणी. घड्याळात पाणी शिरतं कुठून? काचेच्या कडेने, मागच्या झाकणातून आणि सगळ्यात जास्त चावीच्या भोकातून, कारण ती फिरवायची, ओढायची असते. पेर्रेगो आणि पेरे या दोन स्विस माणसांनी बाटलीच्या बुचासारखी पिळून बसवायची चावी शोधली होती. हान्सने तो हक्क विकत घेतला. पुढची कडी आणि मागचं झाकणही आटे पाडून घट्ट पिळून बसवलं. १९२६ मध्ये हे घड्याळ आलं आणि त्याचं नाव ठेवलं ऑयस्टर, म्हणजे कालव. एका जेवणात त्याला म्हणे कालव उघडता उघडेना, त्यावरून हे सुचलं. खरं-खोटं तो जाणे. पण ओहोटीला खडकांवर कोयती घेऊन बसलेल्या बायका ज्याने बघितल्यात, त्या आपल्या किनाऱ्यावरच्या कुणालाही हे नाव समजावून सांगायला नको. मोत्यांच्या दुकानातून सुरुवात करून तो शिंपल्यापर्यंत पोचला तो असा. (पाणी न जाणारं घड्याळ त्यानेच पहिलं केलं असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. आटे पाडून बंद होणाऱ्या केस त्याच्या आधीपासून होत्या.)

त्याचं खरं डोकं पुढे दिसतं. लंडनमध्ये टायपिस्ट म्हणून नोकरी करणारी मर्सिडीज ग्लाइट्झ ही मुलगी ७ ऑक्टोबर १९२७ला इंग्लिश खाडी पोहून गेली. ती आठव्या प्रयत्नात! ते जमवणारी ती पहिली ब्रिटिश बाई. पण लगेच दुसऱ्या एका बाईने खोटाच विक्रम जाहीर केला, आणि तो खोटा निघाल्यावर लोक मर्सिडीजवरही संशय घ्यायला लागले. तिने पुन्हा पोहून दाखवायचं ठरवलं. हान्सने तिला एक ऑयस्टर दिलं. २१ ऑक्टोबरला ती पाण्यात उतरली. पाणी भयंकर गार होतं. दहा तासांहून जास्त झुंजून ती पार करू शकली नाही, तिला बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं. नोव्हेंबरमध्ये हान्सने डेली मेलचं अख्खं पहिलं पान विकत घेऊन ही गोष्ट छापली, आणि दुकानांच्या काचेत मासे सोडलेल्या टाक्यांमध्ये घड्याळं बुडवून ठेवली. ज्या प्रयत्नात ती हरली त्याचीच जाहिरात झाली, हे मला जरा खटकतं. आणि एक बारीक गोष्ट जाहिरातीच्या झगमगाटात हरवते. ते घड्याळ तिच्या मनगटावर नव्हतंच, गळ्यात रिबिनीला बांधलेलं होतं.

एवढं करूनही एक गोष्ट उरली, माणसाचा विसराळूपणा. रोज चावी द्यायची म्हणजे रोज ती सैल करायची, आणि परत पिळायला लोक विसरायचे. एकदा विसरलं की कालव उघडंच. १९३१ मध्ये रोलेक्सने हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं घड्याळ आणलं, त्यामागे हेही एक कारण होतं. हे तुम्हालाही लागू आहे. चावी पिळून बंद होणारी आहे का ते घेताना बघा, आणि पाण्यात उतरण्याआधी ती बंद आहे का ते बोटाने चाचपा. ओल्या हाताने ती कधीच उघडू नका.

आता तुमच्या-माझ्या कामाचा भाग, म्हणजे पैसे. हान्सला माहीत होतं की रोलेक्स सगळ्यांना परवडत नाही. म्हणून १९२६ मध्येच त्याने ट्यूडर हे दुसरं नाव नोंदवून ठेवलं आणि १९४६ मध्ये त्याची वेगळी कंपनी केली. हिशोब साधा होता. केस आणि चावी रोलेक्सचीच, आतलं यंत्र बाहेरून घेतलेलं, कमी किमतीचं. म्हणजे पैसे वाचवले ते यंत्रात, पाणी अडवणाऱ्या भागात नाही. १९५३ मध्ये रोलेक्सचं पाणबुड्यांसाठीचं सबमरीनर आलं, आणि पाठोपाठ १९५४ मध्ये ट्यूडरचं. शंभर मीटर खोलीपर्यंतचं. केस किती? सदतीस मिलिमीटर! पुढे फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनी ट्यूडरची घड्याळं वापरली. १९६५ मध्ये सिकोने जपानचं पहिलं डायव्हिंग घड्याळ काढलं, तेही अडतीसच्या आसपासचं. चव्वेचाळीसचं धूड ही नंतरची फॅशन आहे. समुद्राने तसं काही मागितलेलं नाही.

म्हणून बजेट कमी असेल तर हान्सचाच हिशोब लावा. बॅटरीचं यंत्र चालेल, उलट अचूकच असतं. पण डायलवर ३० मीटर लिहिलेलं चालणार नाही. ते फार तर हात धुण्यापुरतं असतं. आयएसओ ६४२५ या मानकात बसणारं, किमान १०० मीटरचं, शक्यतो २०० मीटरचं घ्या. अंधारात काटे चमकले पाहिजेत. बाहेरची आकड्यांची कडी एकाच दिशेने फिरली पाहिजे. उतरताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे खाली किती वेळ गेला ते दिसतं. चुकून धक्का लागला तरी ती जास्त वेळ झाला असंच दाखवते, कमी कधीच नाही, आणि हवा मोजून नेलेली असताना हा फरक जिवाचा असतो. कॅसिओचं २०० मीटरवालं स्वस्त आणि भक्कम आहे, पण चव्वेचाळीस. सिटिझनच्या प्रोमास्टरमध्ये ३७ मिलिमीटरचं, उजेडावर चालणारं मॉडेल येतं. सिकोचं ३८ मिलिमीटरचं एक लाडकं मॉडेल बंद झालंय, जुन्यात मिळतं. जुनं घेतलंत तर घड्याळजीकडून आतल्या रबरी रिंगा बदलून, पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्या. रबर वाळतं. आजोबांच्या कपाटातलं फेवर-ल्यूबाचं सी चीफ कितीही देखणं असलं, नावात समुद्र असला, तरी ते घेऊन पाण्यात उतरू नका. आणि खाली डायव्ह कॉम्प्युटर हवाच. घड्याळ म्हणजे तो बंद पडला तर हाताशी असलेला आधार.

हान्सचा शेवट सांगायचा राहिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावण्यांत अडकलेल्या ब्रिटिश कैद्यांना तो घड्याळं पाठवायचा, आणि पैसे युद्ध संपल्यावर द्या म्हणायचा. म्हणजे युद्ध कोण हरणार यावर त्याने उधारी लावली होती. १९४४ मध्ये बायको फ्लॉरेन्स गेली. मूलबाळ नव्हतं. त्याने स्वतःच्या नावाने एक संस्था काढून सगळी कंपनी तिच्या हवाली केली, आणि आजही मालक तीच आहे. २३ जानेवारी १९६०ला त्रिएस्ते ही खोल समुद्रात जाणारी बोट मरियाना गर्तेत जवळजवळ अकरा किलोमीटर खाली गेली. तिच्या बाहेरच्या अंगाला रोलेक्सचं एक घड्याळ बांधलेलं होतं, जाड फुगलेल्या काचेचं, कुणाच्याच मनगटावर बसणार नाही असं. वर आलं तेव्हाही ते चालू होतं. त्याच वर्षी ६ जुलैला, एकोणऐंशीव्या वर्षी, हान्स जिनिव्हात गेला.

मी शेवटी सदतीसचंच घेतलं. पट्टा रबराचा, त्याला घरी एक जास्तीचं भोक पाडलंय. तुम्ही दुकानात जाल तेव्हा खिशात प्लॅस्टिकची पट्टी ठेवा आणि काउंटरवरच मोजा, कुणी बघून हसलं तरी. समुद्रातून आल्यावर घड्याळ नळाच्या गोड्या पाण्यात धुऊन घ्या. मिठाने कडी अडकते.