पंडिता रमाबाई : आधार घेतला, आधार झाल्या

कन्हेरी-बारामतीकडून रेल्वेने पुण्याला निघाले की दौंड मागे टाकल्यावर केडगाव लागते. या केडगावाचे नाव गेली शंभरहून अधिक वर्षे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनशी जोडलेले आहे. रमाबाईंचे पांडित्य आणि त्यांचे धर्मांतर यांवर विपुल लिहिले गेले. एकट्या आईने मूल वाढवीत शिकायचे ठरवले, तर तिला कोणाचा आधार मिळतो आणि त्या आधाराची किंमत काय असते, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच्या आयुष्यात सोसला आणि पुढे त्यावरच संस्था उभारली, हे तितके लक्षात घेतले जात नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. 1870च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी देश तुडवीत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या तरुणीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांना आयुष्यात कधीच मिळाली नाही.

1880 मध्ये श्रीनिवासही गेले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात आणि प्रांत दोन्ही निराळे असल्यामुळे दोन्हीकडचे लोक दुरावले. एप्रिल 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि 4 फेब्रुवारी 1882 रोजी पटकीने बिपिनबिहारींचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, तेव्हा मुलगी दहा महिन्यांचीही नव्हती. सासर नव्हते, माहेर उरले नव्हते.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यात आल्या. न्या. रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड मांडली. आपण स्वतःच वैद्यकशास्त्र शिकावे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यासाठी इंग्लंडला जाणे भाग होते. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्च उभा केला आणि 1883 मध्ये मनोरमेला घेऊन त्या जहाजावर चढल्या.

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठाने दोघींना आश्रय दिला. त्याच वर्षी मायलेकींनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाची आशा सोडावी लागली, तेव्हा चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवीत रमाबाई स्वतः पुढे शिकू लागल्या. मनोरमेचा सांभाळ मठातील भगिनी करीत, त्यामुळे आईला अभ्यासाला वेळ मिळे. परंतु या आधारामागोमाग अटीही आल्या. मनोरमेला कोणत्या धर्ममतात वाढवायचे, यावरून मठाशी रमाबाईंचे तीव्र मतभेद झाले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी सूचना पुढे आली, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. मदतीबद्दल कृतज्ञ राहूनही आपल्या विवेकाचा आणि आपल्या मुलीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती द्यायला रमाबाई तयार झाल्या नाहीत.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या. 11 मार्चला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. समारंभापुरते गेलेल्या रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, हजारो मैल फिरून व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे तिने मान्य केले. शाळा कोणत्याही धर्माचा प्रचार करणारी असू नये, हे तत्त्व दोन्ही बाजूंना मान्य होते.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. तेथे विधवांचे मुंडन होत नसे, त्यांना भरपेट जेवण आणि शिक्षण मिळे. सोवळेओवळे पाळू इच्छिणाऱ्या मुलींसाठी तशी सोयही होती. मात्र रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला काही मुली आपणहून बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांची भीती सर्वस्वी निराधार नव्हती. पण घरी परतलेल्या त्या मुलींना त्यानंतर कोण शिकवणार, याचे उत्तर त्या वादात फार थोड्यांनी शोधले.

त्याच सदनातील पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई जोशी यांनी 11 मार्च 1893 रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विशीतच विधवा झाल्या होत्या. पदरी मुलगा असतानाही त्या शिकल्या आणि आश्रमासाठी गावोगाव, पुढे अमेरिकेतही, निधी गोळा करत फिरल्या. 1916 मध्ये या कार्यातून महिला विद्यापीठ उभे राहिले. रमाबाईंच्या वाटेहून ही वाट निराळी होती, तरी तिचा उगम शारदा सदनातच होता.

1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या. देणगीदारांवर सदैव अवलंबून राहावे लागू नये म्हणून केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे स्त्रियाच करीत. परित्यक्ता, वृद्धा आणि अंध स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली. अंधांना मनोरमा ब्रेल लिपी शिकवू लागली. मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे कामही रमाबाईंनी येथेच पूर्ण केले.

मनोरमेने मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळवली. आईला जे औपचारिक शिक्षण मिळाले नव्हते ते लेकीने मिळवले आणि शारदा सदनाची सूत्रे हाती घेतली. संस्थेचा सारा भार तिच्याकडे सोपवायचा, असे रमाबाईंनी ठरवले होते. परंतु 24 जुलै 1921 रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी मनोरमा निवर्तली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

केडगावची संस्था आजही चालू आहे. एकट्या आईला शिकायचे असेल तर फीची सोय लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही. अभ्यासाच्या वेळी मूल कोणाजवळ ठेवायचे, राहायचे कोठे आणि मदत करणाऱ्याचे किती ऐकायचे, हेही तिला सोडवावे लागते. मनोरमेला कडेवर घेऊन इंग्लंडला निघालेल्या रमाबाईंपुढे 1883 मध्ये हेच प्रश्न होते.