आमचे नामदेव आणि माझं 'करायलो'

फर्स्ट इयरची गोष्ट. व्हायवाला सरांनी विचारलं की जर्नल पूर्ण का नाही. मी गडबडीत बोलून गेलो की सर, करायलोच आहे. मागे उभी असलेली अख्खी बॅच फिस्सकन हसली. झालं! त्या दिवसापासून हॉस्टेलवर माझं नावच 'करायलो' पडलं. मेसमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी, सगळीकडे तेच. मग मी बोलणंच कमी केलं. घरी फोन करायचा तर गॅलरीच्या टोकाला जाऊन, हळू आवाजात. आईशी 'जायलो, खायलो', आणि फोन ठेवला की लगेच 'जातोय, खातोय'. आपण दोन माणसं आहोत की काय, असं वाटायचं.

मी हिंगोली जिल्ह्यातला. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आजीला घेऊन नरसीला गेलो. कयाधू नदीच्या काठचं हे गाव संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. जन्म १२७० सालचा, कार्तिक शुद्ध एकादशीचा. लहानपणापासून तिथे जात आलो, पण नामदेवांचं चरित्र कधी नीट वाचलं नव्हतं. त्या सुट्टीत वाचलं, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावाकडेच सापडलं.

नामदेवांचे वडील दामाशेटी, आई गोणाई. घरचा धंदा शिंप्याचा. पुढचं आयुष्य बरंचसं पंढरपुरात गेलं. बायको राजाई, मुलं, सुना आणि जनाबाई असा मोठा संसार. नामदेव विठ्ठलापायी धंदा सोडून बसले म्हणून गोणाई आणि राजाई किती वैतागल्या, ते गाथेतल्या अभंगांत येतं. ती भाषा पोथीतली नाही, घरातल्या चिडलेल्या बायकांची आहे. जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. तिच्या अभंगांत जातं येतं, दळणकांडण येतं. म्हणजे एकाच घरात प्रत्येकाची भाषा आपापल्या कामाची, आणि प्रत्येकाचा अभंग टिकला.

नामदेवांचीही परीक्षा झाली होती, हे वाचून मला फार बरं वाटलं! कथा अशी सांगतात की, संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. कुंभाराची परीक्षा कुंभाराच्याच शब्दांत! नामदेव रागावले, पण पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जाऊन शिकले. औंढाही आमच्याच जिल्ह्यातलं.

१२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. तो प्रसंग सांगणारे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. वारकरी कीर्तनाची परंपराही त्यांच्यापासूनच धरतात. कीर्तनात समोर सगळ्या जातींची माणसं. तिथे सगळ्यांना कळेल असंच बोलावं लागतं. जड संस्कृत बोलून भागत नाही.

पुढे ते उत्तरेत गेले. पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांची परंपरा आजही आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच झालं होतं. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. ती मराठीत नाहीत, तिकडच्या लोकांच्या बोलीत आहेत. तिलंग रागातल्या पदांत तर करीम, रहीम, यार असे फारशी-अरबी शब्द आहेत. म्हणजे माणसं बदलली तशी नामदेवांनी भाषा बदलली. पण गंमत पुढे आहे. त्या पदांत मध्येच आपल्या मराठीसारखी 'ले' ने संपणारी क्रियापदं येतात. एका पदात तर मनाचा गज, जिभेची कातर, सुई आणि धागा आहे. इतक्या लांब जाऊनही शिंप्याचं दुकान त्यांनी सोबत नेलं. आणि १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी ग्रंथ तयार केला, तेव्हा ते मराठी वळण त्यात तसंच राहिलं.

पंढरपूरला परत आल्यावर त्यांनी आणखी एक मोठं काम केलं. १३३८ साली मंगळवेढ्याला भिंत पडून चोखोबा गेले. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्या चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. १३५० साली नामदेव स्वतःही त्याच दाराच्या पायरीखाली विसावले. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागावेत म्हणून पायरी! कोणाला वरचा, कोणाला खालचा मानायचं नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

मग मला कळलं की, मी दोन माणसं नाही. जागा बघून बोली बदलणं यात खोटं काही नाही. सेमिनारला पुस्तकी मराठी नाहीतर इंग्रजी लागते, तिथे ती आली पाहिजे, त्यासाठी मेहनतही केली पाहिजे. खोटं होतं ते आवाज हळू करणं. नामदेवांनी दुसऱ्याची बोली शिकली, पण स्वतःची लपवली नाही.

आता मी थर्ड इयरला आहे. परवा मेसमध्ये आमच्याकडचा एक नवा पोरगा भाजी संपली म्हणून विचारायला लागला, आणि त्याच्या तोंडून 'कामून' निघालं. टेबलावर हशा पिकला. त्याने मान खाली घातली. मी माझं ताट उचललं, त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि आमच्याच बोलीत मोठ्याने विचारलं की कोणत्या गावचा हायस, कधी आलास, जेवायलास का नाही?

तो आधी दचकला. मग हसला आणि गावाचं नाव सांगितलं. नरसीहून फार लांब नव्हतं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी