२३ फेब्रुवारी आणि ऋणमोचनाचा घाट

जन्मतारखांचा योगायोग हा ज्योतिषाचा प्रांत. अर्थशास्त्राने त्यात शिरण्याचे काही कारण नाही. तरीही २३ फेब्रुवारी ह्या तारखेपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. १७४४ साली ह्या दिवशी जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात मायर आमशेल रॉथशिल्ड हा पुढे जगप्रसिद्ध झालेला सराफ जन्मला. १८६८ साली अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन ह्या गावी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे निग्रो समाजाचे थोर विचारवंत जन्मले. आणि १८७६ साली, महाशिवरात्रीच्या दिवशी, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झिंगराजी व सखुबाई जाणोरकर ह्या परीट दांपत्याच्या पोटी डेबूजी जन्मला. तोच पुढे गाडगेबाबा ह्या नावाने महाराष्ट्राला ठाऊक झाला. संगीतकार हँडेल आणि रोजनिशीकार पेप्स ह्यांचीही नावे ह्या तारखेच्या यादीत घातली जातात; परंतु त्यांच्या तारखा जुन्या ज्युलियन कालगणनेच्या आहेत, तेव्हा त्यांना बाजूला ठेवलेले बरे. उरलेल्या तिघांना जोडणारा एक धागा मात्र खरा आहे, आणि तो धागा कर्जाचा आहे. पहिल्याने कर्ज दिले, दुसऱ्याने कर्जात जखडलेल्या माणसांचा अभ्यास केला, आणि तिसरा, ज्याला अक्षरओळख नव्हती, कर्ज काढू नका म्हणून आयुष्यभर गावोगाव सांगत फिरला.

डेबूजी जन्मला त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व गहाणखते जाळली होती. वऱ्हाडाची कथा थोडी निराळी असली तरी तिचा शेवट तोच होता. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या ह्या प्रांतात कापूस हेच नगदी पीक. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले. तेजीच्या काळात वाढलेली पत आणि वाढलेला खर्च मात्र तसाच राहिला. पत होती म्हणून कर्ज मिळाले, आणि कर्ज मिळाले म्हणून जमीन गहाण पडली.

डेबूजीच्या घरात ही कहाणी आकड्यांत नव्हे, माणसांत घडली. वडील दारूच्या व्यसनात अकाली गेले. आई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामा चंद्रभानजी कष्टाळू शेतकरी. पण लिहिता वाचता येत नसल्याने सावकाराच्या कागदावर काय आहे हे त्यांना कधी कळले नाही. कळले तेव्हा जमीन गेली होती. त्या धक्क्याने मामांनी अंथरूण धरले ते पुन्हा उठले नाहीत. तरुण डेबूजीने शेताचा ताबा देण्याचे नाकारले, औत घेऊन तो शेतात उभा राहिला आणि सावकाराच्या माणसांना त्याने हुसकावून लावले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढच्या आयुष्यात बाबांनी दारू, निरक्षरता आणि कर्ज ह्या तीन गोष्टींवर आपली सारी वाणी खर्च केली. ह्या तिन्ही गोष्टी त्यांनी पोथीतून उचललेल्या नव्हत्या; घराच्या उंबरठ्याच्या आतच त्यांना त्या भेटल्या होत्या.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी विवाह झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारू न वाढता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद रुसले. बाहेरून पाहता ही गोष्ट क्षुल्लक. परंतु ज्या समाजात जेवणावळीसाठी शेत गहाण पडते तेथे पंगतीतला पदार्थ बदलणे हे मोठेच धाडस होते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी आणि मातीचे एक फुटके गाडगे. भाकरी त्यातच घ्यायची, पाणी त्यातच प्यायचे, ऊन लागले तर तेच डोक्यावर पालथे घालायचे. त्या गाडग्यानेच त्यांना नाव दिले. गंमत अशी की, रॉथशिल्ड हे नावही एका वस्तूवरूनच आलेले आहे. त्या घराण्याच्या पूर्वजांच्या घरावर लाल ढालीची खूण होती. घर बदलले तरी ढाल नावाला चिकटून राहिली.

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. येथे स्नान केल्याने माणूस ऋणातून मुक्त होतो अशी श्रद्धा. पौषातल्या रविवारी मोठी यात्रा भरते. घर सोडलेल्या डेबूजीने येथे देवळापेक्षा नदीच्या उताराकडे आधी पाहिले. चिखलात घसरणारे म्हातारे आणि ओली वस्त्रे सांभाळीत चढणाऱ्या बाया पाहून त्याने फावडे उचलले व वाट करण्यास आरंभ केला. १९०८ मध्ये तेथे घाट उभा राहिला. ज्या तीर्थाच्या नावातच ऋणाची सुटका आहे, तेथे बाबांचे पहिले सार्वजनिक काम व्हावे ह्याला योगायोग म्हणावे की आणखी काही, हा प्रश्न भाविकांवर सोपवावा. इतके खरे की, नदीत बुडी मारून सावकाराची वही कोरी होत नाही हे बाबा पुरते ओळखून होते, आणि पुढे कीर्तनातून ते लोकांना हेच निरनिराळ्या शब्दांत विचारीत राहिले.

त्यांच्या कीर्तनाची पद्धत सर्वश्रुत आहे. गावात शिरावे, कोणाशी न बोलता खराट्याने रस्ते झाडावेत, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी श्रोते बसले की प्रश्नामागून प्रश्न विचारावेत. तीर्थयात्रेला पैसा कोठून आणला? लग्नात वाजंत्री किती दिवस वाजली आणि व्याज किती वर्षे वाजते आहे? भांडी विका, हातावर भाकरी खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांच्या उपदेशाचा आशय असे. खर्चाचा अग्रक्रम ठरवणे हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. तो इतक्या सोप्या वऱ्हाडी बोलीत, टाळ्या आणि भजनाच्या ठेक्यात, दुसऱ्या कोणी शिकविल्याचे ऐकिवात नाही. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे त्यांना पोटचा मुलगा गोविंद वारल्याची बातमी मिळाली. कीर्तन थांबले नाही.

कीर्तनातून पैसा येऊ लागला. तो हजारांनी आणि पुढे लाखांनी आला. येथे बाबांच्या चरित्रातला सर्वांत विचारणीय भाग सुरू होतो, आणि त्यासाठी फ्रांकफुर्टकडे पुन्हा एकदा वळावे लागेल.

मायर रॉथशिल्ड हा काही सुखवस्तू सरदाराचा मुलगा नव्हता. ज्यू लोकांनी राहावे म्हणून नेमून दिलेल्या, रात्री जिचे दरवाजे बंद होत, अशा एका अरुंद गल्लीत तो वाढला. जुनी नाणी विकता विकता त्याने हेसे-कासेलच्या राजाचा विश्वास संपादन केला आणि त्याचे पाच पुत्र पुढे फ्रांकफुर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स व पॅरिस अशा पाच शहरांत पेढ्यांवर बसले. १८१२ साली मृत्यूपूर्वी केलेल्या मृत्युपत्रात त्याने व्यवसायाची मालकी केवळ पुत्रांकडे ठेवली. मुली आणि जावई ह्यांना पेढीच्या कारभारातून वगळले. भांडवल घराबाहेर जाऊ नये ही त्याची दृष्टी होती, आणि ज्या समाजाला जमीन नाही, हक्क नाही, त्या समाजातील पित्याने असा विचार करावा हे समजण्यासारखे आहे. वगळण्याचे कलम गाडगेबाबांच्या कारभारातही होते, मात्र ते नेमके उलटे. त्यांनी उभारलेल्या वास्तू विश्वस्त संस्थांच्या स्वाधीन केल्या आणि त्यांत स्वतःचा वा आप्तांचा हक्क ठेवला नाही. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथील धर्मशाळा, अनेक ठिकाणची सदावर्ते, मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या खेडुतांच्या नातलगांसाठी निवारा, हे सारे त्यात आले. आजारी माणसाबरोबर शहरात आलेल्या शेतकऱ्याला औषधापेक्षा मुक्कामाचा खर्च अधिक बुडवतो, हे ओळखायला त्यांना कोणत्याही पाहणीची गरज पडली नाही.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९१७ च्या सुमारास अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी उभारण्यास घेतली, आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. तीर्थाच्या धर्मशाळेचे शिक्षणसंस्थेकडे जाणे हे बाबांच्या विचाराशी पूर्ण सुसंगत होते. ह्याच आंबेडकरांनी १९४६ मध्ये डुबॉइस ह्यांना पत्र लिहून अमेरिकेतील निग्रो व भारतातील अस्पृश्य ह्यांच्या प्रश्नांतील साम्याकडे लक्ष वेधले होते. डुबॉइस ह्यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात जॉर्जिया राज्यातील कापूस पिकवणाऱ्या काळ्या कुळांचे चित्र रेखाटले आहे. गुलामगिरी कायद्याने संपली, पण पेरणीपूर्वीच पीक दुकानदाराकडे गहाण पडू लागले आणि एका वर्षाचे देणे दुसऱ्या वर्षाच्या वहीत चढू लागले. ज्या युद्धाने तेथील गुलाम मुक्त केले त्याच युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला तेजी आणून येथल्या शेतकऱ्याला सावकाराच्या दारी नेले. डुबॉइस आणि गाडगेबाबा ह्यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. दोघांपुढे शेत मात्र एकाच पिकाचे होते.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. शेतकऱ्याचे कर्ज हे केवळ लग्नकार्य व दारू ह्यांचे फळ आहे असे मानणे अपुरे ठरेल. पाऊस, बाजारभाव आणि व्याजाचा दर ह्यांपैकी काहीच कीर्तनाने बदलत नाही. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारा वाटा जेमतेम ३ टक्के होता, आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. म्हणजे बाबांनी घर सोडून जवळजवळ अर्धशतक उलटले तरी दापुऱ्याच्या मामांची वाट मोकळी झालेली नव्हती. २००६ मध्ये पंतप्रधानांना विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जाहीर करावी लागली, त्यांत अमरावती आणि अकोला हे बाबांचे दोन्ही जिल्हे होते. ह्यात बाबांचा पराभव पाहणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्याच्या हातात जे होते तेवढेच त्यांनी त्याला सांगितले; शासनाच्या, बँकांच्या आणि बाजाराच्या हातात जे होते ते त्यांच्या कीर्तनाच्या श्रोत्यांत बसलेले नव्हते.

१९५४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने कराड येथे बाबांच्या नावाने महाविद्यालय सुरू केले. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाचे नाव विद्यापीठाला मिळण्यास मात्र त्यानंतर अर्धे शतक जावे लागले; १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला ते पुढे देण्यात आले.

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. प्रकृती ढासळली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरच्या मध्यरात्री, बाबांना अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांनी प्राण सोडला. जेथे मरण येईल तेथेच देह ठेवा, समाधी किंवा मंदिर बांधू नका, असे त्यांनी सांगून ठेवले होते. लोकांनी ते मानले नाही. देह अमरावतीस नेण्यात आला, तेथे समाधी झाली आणि त्या वस्तीला गाडगेनगर हे नाव पडले. वलगावातही त्यांचे स्मारक उभे राहिले. वारसाहक्काची नोंद करावी असे त्यांच्यामागे काही उरले नव्हते.