घोणस ओळखणारा डॉक्टर

गेल्या पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलमागच्या टाकीपाशी 'घोणस' निघाली. पोरं ओरडली, मी काठी उचलली. पहिला घाव माझाच! नंतर आलेल्या सर्पमित्राने तिची आखूड शेपटी दाखवली. ती होती डुरक्या घोणस, बिनविषारी. सगळे गप्प. त्या रात्री मला काही झोप लागली नाही. मग सापांवरची पुस्तकं चाळताना डॉ. पॅट्रिक रसेल भेटले.

रसेल यांचा जन्म १७२७ साली एडिंबरोत झाला. सीरियातल्या अलेप्पो शहरात त्यांनी सुमारे वीस वर्षे डॉक्टरकी केली, प्लेगच्या साथीतही रुग्ण तपासले. १७८१ मध्ये ते भावासोबत विशाखापट्टणमला आले आणि १७८५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे निसर्गतज्ज्ञ झाले. विषारी साप कोणता आणि बिनविषारी कोणता, हे आधी ठरायला हवं, असं त्यांनी मनावर घेतलं. लोकांकडून साप मिळवले, दात तपासले, पोटाखालचे नि शेपटीखालचे खवले मोजले. तेलुगू नावंसुद्धा टिपून घेतली. विषाचे प्रयोग त्यांनी कुत्र्या-कोंबड्यांवर केले, ते वाचताना जीव कळवळतो. १७८९ मध्ये ते मायदेशी परतले. १७९६ मध्ये त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला. त्यात घोणस आहे, फुरसंही आहे. १८०५ मध्ये ते वारले. घोणशीच्या शास्त्रीय नावात आजही 'रसेली' आहे.

आपल्या सोलापूरच्या कोरड्या माळावर ही ओळख फार कामाची. अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार, ती घोणस. डुरक्याच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. फुरसं लहान, डोक्यावर बाणासारखी खूण, खवले घासून करकर आवाज करतं. पाल आणि सापसुरळी मात्र बिनविषारीच, उगाच घाबरू नका.

पण ही ओळख लांबूनच करायची! साप दिसला तर मागे सरा, सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर ओळखत बसू नका, मंत्र-तंत्र नको, कापाकापी नको, सरळ सिव्हिल गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते.

रसेल यांनी हातात आलेला प्रत्येक साप आधी नीट पाहिला. मी बघितलंच नव्हतं. ती काठी अजून रूममध्ये आहे, आता तिच्यावर कपडे वाळत घालतो.