डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि मनुष्याचें हृदय

अकोले तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं ज्यांची विहीर व पाण्याची मोटर आहे, त्या आमच्या वाचकांस फूटव्हॉल्व म्हणजे काय हें सांगावयास नको. खेड्यांतील पुष्कळ लोक त्याला फुटबॉलच म्हणतात. पाण्यांत बुडालेल्या नळाच्या तोंडाशीं ही झडप असते. पाणी वर जाऊं द्यावें, पण मागें परत येऊं देऊं नये, एवढेंच तिचें काम. ती गळूं लागली म्हणजे मोटर नुसती घरघरते व वावर कोरडें राहतें. ती गंजून अर्धवट मिटली तरी तोच परिणाम. ज्या सद्‌गृहस्थांची हकीकत आज आम्ही देत आहों, त्यांचें आयुष्य अशाच झडपांच्या कामीं गेलें; मात्र त्या झडपा मनुष्याच्या छातींतल्या होत्या.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ सालीं एका बंगाली कुटुंबांत झाला. परंतु त्यांचें सर्व नांवलौकिकाचें काम मुंबईंत झालें. परळ येथील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत ते शिकले, व त्यास लागूनच असलेल्या के. ई. एम. रुग्णालयांत पुढें शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. हें रुग्णालय मुंबई महानगरपालिकेचें. तेथें गिरणी-कामगार येत, कोंकणांतून व घाटावरून शेतकरी येत. पैसेवाल्यांचें तें ठिकाण नव्हतें.

सेन यांनीं काय केलें हें समजण्यास हृदयाची रचना थोडी ठाऊक पाहिजे. मनुष्याचें हृदय त्याच्या मुठीएवढें असून त्याचें वजन सुमारें ३०० ग्रॅम भरतें. छातीच्या मध्यभागीं, किंचित डावीकडे झुकलेलें, तें दोन फुप्फुसांच्या मध्यें एका पातळ पिशवींत असतें. आंत चार दालनें आहेत. वरच्या दोहोंस शाळेच्या पुस्तकांत अलिंद व खालच्या दोहोंस निलय म्हणतात. मध्यें उभा पडदा असून त्यामुळें उजवी व डावी बाजू अगदी निराळ्या झाल्या आहेत. म्हणून एका हृदयांत खरें पाहतां दोन पंप आहेत. उजवा पंप सर्व शरीरांतून परत आलेलें काळसर रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलतो. डावा पंप फुप्फुसांतून आलेलें लालभडक रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोंचवितो. उजव्याचें काम जवळचें व हलकें, डाव्याचें लांबचें व जड; म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारें तिप्पट जाड असते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडेल.

प्रत्येक निलयाच्या येण्याच्या वाटेवर एक व जाण्याच्या वाटेवर एक, अशा एकंदर चार झडपा आहेत. डॉक्टर नळी लावून जे दोन आवाज ऐकतात ते ह्या झडपा मिटण्याचे होत. मिनिटास ७२ ठोके धरले तर दिवसांत १ लाखाहून अधिक होतात, व दर मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त फिरतें. हें काम चालविण्यास मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाहीं. उजव्या अलिंदाच्या भिंतींत एक लहानसें केंद्र आहे, तेथें विजेची सूक्ष्म लहर उठते व सर्व स्नायु तिच्या मागें आकुंचन पावतो. मेंदू फक्त वेग कमीजास्त करितो.

आतां रोगाची गोष्ट. लहान मुलाचा घसा सुजतो, ताप येतो. कांहीं आठवड्यांनीं सांधे एकामागून एक ठणकतात, आणि मग सर्व बरें होतें. घरचीं माणसें तें विसरून जातात, परंतु कित्येकांची झडप तें विसरत नाहीं. विशेषतः डाव्या बाजूच्या दोन दालनांमधील झडपेच्या पाकळ्या वर्षानुवर्षें जाड होत जाऊन एकमेकींस चिकटतात. (बिशपच्या टोपीसारखी दिसते म्हणून तिला मायट्रल हें नांव पडलें.) मग ऐन विशींतली सून डोक्यावर हंडा घेऊन चढ चढतांना धापा टाकूं लागते, आणि लोक म्हणतात कीं ती आळशी आहे. हा दाटीवाटीनें राहणाऱ्या गरिबांचा रोग आहे. अशा मुलास वेळीं डॉक्टरकडे नेलें व ठराविक मुदतीनें पेनिसिलिनचीं इंजेक्शनें वर्षानुवर्षें चालू ठेवलीं, तर झडप पुष्कळदां वांचते.

१९५० च्या सुमारास आपल्या देशांत ह्या चिकटलेल्या झडपेवर जवळजवळ इलाज नव्हता. सेन अमेरिकेंत जाऊन शिकून आले व त्यांनीं १९५२ च्या सुमारास के. ई. एम. मध्यें हें काम हातीं घेतलें. डाव्या अलिंदास कानाच्या पाळीसारखें एक टोंक असतें. त्यांतून धडधडणाऱ्या हृदयांतच बोट घालून चिकटलेल्या पाकळ्या मोकळ्या करावयाच्या. डोळ्यांना आंतलें कांहीं दिसत नाहीं; बोटाच्या अग्राला जें कळेल तेवढ्यावरच सर्व भिस्त. आमच्या मतें सेन यांचें मोठेपण ह्या कामांत अधिक आहे, जरी त्यांचें नांव दुसऱ्याच एका गोष्टीनें गाजलें.

त्यापूर्वीं एक विलक्षण प्रयत्न सांगितला पाहिजे. हृदय एवढें रक्त उपसतें, तरी आपल्या पोटांतल्या रक्तानें त्याची स्वतःची तहान भागत नाहीं. त्याच्या स्नायूस रक्त देणाऱ्या रोहिण्या निराळ्या आहेत, व त्या तुंबल्या म्हणजे झटका येतो. सापाच्या हृदयाची भिंत मात्र स्पंजासारखी असून आंतलें रक्त थेट स्नायूंत मुरतें. सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें पाहून मनुष्याच्या हृदयास सुईनें बारीक छिद्रें पाडून पाहिलीं. छिद्रें टिकलीं नाहींत. परंतु रक्त शरीरांत फिरून परत येतें हें १६२८ सालीं ग्रंथ लिहून सिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्यानेंही जिवंत सापांच्या शिरा दाबून हृदय पाहिलें होतें. साप दिसतांच काठी उचलणाऱ्या आम्हां लोकांस ही गोष्ट सांगण्यासारखी वाटते.

१९६७ च्या डिसेंबरांत केपटाऊन येथें डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनीं एकाचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविलें. तो रोगी १८ दिवस जगला. मग अमेरिकेंतील दोन शस्त्रवैद्यांनीं तसेंच केलें, आणि चौथें नांव सेन यांचें लागलें. त्यांनीं कुत्र्यांवर आधीं वर्षानुवर्षें हा प्रयोग केला होता. फेब्रुवारी १९६८ मध्यें के. ई. एम. मध्यें जगांतील सहावी अशी शस्त्रक्रिया झाली. रोगी २७ वर्षांचा शेतकरी होता. हृदय मिळालें तें आगगाडींतून पडून डोक्यास प्राणघातक मार लागलेल्या एका तरुणीचें. नवें हृदय बसलें, धडकूं लागलें, आणि सुमारें ३ तासांनीं थांबलें.

तें कां थांबलें? शेतकऱ्याचें जुनें हृदय फार दिवस दुबळें असल्यामुळें रक्त मागें फुप्फुसांत तुंबत होतें, व तेथील रोहिण्या कठीण व अरुंद झाल्या होत्या. निरोगी तरुणीच्या उजव्या निलयाची पातळ भिंत हलक्या कामास सरावलेली; तिच्यापुढें हा दाब अकस्मात उभा राहिला. नदीकांठच्या मळ्यास पुरणारी मोटर रतनगडाच्या उतारावरील वावरास पाणी चढवूं शकत नाहीं, तसेंच झालें. त्याच वर्षीं दुसरी शस्त्रक्रिया केली. तो रोगीही एक दिवस जगला नाहीं.

सेन यांनीं घाई केली असें म्हणणारे होते. मेंदू मेला म्हणजे मनुष्य मेला असें मानणारा कायदा त्या वेळीं आपल्या देशांत नव्हता, तो १९९४ सालीं झाला. म्हणून हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. तथापि १९६८ सालीं जगांत अशा सुमारें १०० शस्त्रक्रिया झाल्या व बहुतेक रोगी लवकरच दगावले, हेंही सांगणें न्यायाचें आहे. परक्या अवयवाशीं शरीर जें वैर धरतें तें आवरणारें चांगलें औषध १९८० नंतरच्या वर्षांत प्रचारांत आलें. सेन यांस १९६९ सालीं पद्मभूषण मिळालें व १९८२ सालीं ते वारले. १९९४ च्या ऑगस्टांत दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून बदललेलें हृदय टिकलें, तें पाहण्यास ते नव्हते.

आज असा रोगी आला म्हणजे आधीं मानेच्या शिरेंतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूंतून फुप्फुसाच्या रोहिणींत नेऊन तेथील दाब मोजतात. तो फार असेल व औषधानेंही उतरत नसेल, तर नुसतें हृदय बदलण्याचें काम डॉक्टर हातीं घेत नाहींत.